जन्मतः बोटे नसणे : वैद्याने मातेस काय सांगावे?

नवजात बालकाच्या हातास वा पायास बोट नसल्याचे दिसताच घरातील मंडळी प्रथम विचारतात, ‘ग्रहणात काही चिरले होते का?’ ग्रहणकाळी रामकुंडावर स्नानास गर्दी करणाऱ्या आपल्या नाशकातही हा समज खोलवर रुजलेला आहे. ती माता आम्हा वैद्यांकडे येते तेव्हा घरच्यांनी तिला आधीच दोषी ठरविलेले असते. म्हणून या सहज विकृतीची कारणमीमांसा प्रत्येक चिकित्सकास स्पष्टपणे सांगता आली पाहिजे.

सुश्रुताचार्यांच्या मते तिसऱ्या महिन्यात हात, पाय व शिर यांचे पाच पिंड उत्पन्न होतात आणि चौथ्या महिन्यात अंगप्रत्यंगे व्यक्त होतात. आधुनिक गर्भविज्ञानानुसार गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात हाताचा अंकुर दिसतो व आठव्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात. बहुतेक विकृती याच काळात, अनेकदा गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच ठरते. ग्रहण म्हणजे केवळ छाया. तिच्यातून गर्भापर्यंत काहीही पोहोचत नाही. 21 जून 2020 च्या सूर्यग्रहणात इस्लामपूर (जि. सांगली) येथील एका गर्भवतीने हा समज झुगारून भाजी चिरली, पुढे तिला निरोगी बालक झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते.

चरकाचार्यांनी सांगितलेल्या हेतूंपैकी तीन येथे उपयोगी पडतात. पहिला बीजदोष : मध्यभागी फट असलेला हात काही कुळांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. दुसरा आशयदोष : गर्भावरणाचे तंतू बोटाभोवती आवळले गेल्याने ते खुंटते वा गळते, हा प्रकार सहसा आनुवंशिक नसतो. तिसरा मातेचा आहारविहार, ज्यात आज औषधांचाही विचार करावा लागतो. 1957 ते 1961 या काळात थॅलिडोमाइडमुळे जगभर हजारो बालके हातापायांच्या विकृतीसह जन्मली. अनेकदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही, हेही मोकळेपणाने सांगावे.

दौहृदाच्या अवमानाने कुणि, म्हणजे हाताने विकल अपत्य होते, या वचनाचा आधार घेऊन कोणी मातेस दोष देऊ नये. गर्भिणीची इच्छा पुरविण्याचे दायित्व तेथे कुटुंबावर आहे, तिच्यावर नव्हे.

कोणत्याही रसायनाने, अभ्यंगाने वा बस्तीने जन्मतः नसलेले बोट उगवत नाही. तशी आशा लावणे हा वैद्यकधर्म नव्हे. आपले काम बारकाईने परीक्षण करण्याचे व वेळीच योग्य ठिकाणी पाठविण्याचे आहे. बोटाभोवती घट्ट वळे असून पुढील भाग सुजला असेल, तर बालकास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. अंगठा नसेल किंवा अपुरा असेल, तर हृदयाची व रक्ताची तपासणी अवश्य करवावी. छातीचा स्नायू त्याच बाजूस अविकसित आहे का, हेही पाहावे. निवडक बालकांत पायाचे बोट हातास जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) बालकांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते. पालकांस जिल्हा रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. मोठ्या वैकल्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्रही मिळू शकते.

औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती. पाळी चुकल्यावर ‘पाळी येण्याची गोळी’ मागणाऱ्या स्त्रीस चिठ्ठीशिवाय काहीही देऊ नये. मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ टिकल्यास अवयवविकृतीचा धोका असतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट वा अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीच संबंधित तज्ज्ञांकडे पाठवावे. अपस्माराचे औषध परस्पर बंद करण्यास मात्र कदापि सांगू नये.

बालकाचा हात झबल्याच्या बाहीत लपवू नये, त्यास त्या हाताने मुक्तपणे खेळू द्यावे; मुले उरलेल्या बोटांनी आश्चर्यकारक कौशल्य मिळवितात. आणि मातेस घरच्या मंडळींसमक्ष, स्पष्ट शब्दांत सांगावे : ग्रहणात तू काहीही चिरले असलेस, तरी त्यामुळे हे झालेले नाही. हे वाक्य वैद्याच्या तोंडून आले तर घर ते ऐकते.