जाहीरनामा जपून ठेवा

महापालिकेची निवडणूक आली की ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत घरोघरी पक्षांचे जाहीरनामे येऊन पडतात. शहर सुंदर करू, असे सारेच पक्ष लिहितात. मतदान झाले की कागद रद्दीत जातो. आम्हाला वाटते, तो घरात मोठ्याने वाचावा आणि जपून ठेवावा.

वाचताना आधी पाहावे, की हे काम महापालिकेचे आहे का? २०१५ च्या पालिका निवडणुकीआधी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला झाले. पण पॅकेज राज्य सरकारचे आणि मेट्रो एमएमआरडीएची. त्यांचा जाब नगरसेवकाला कसा विचारणार?

नगरसेवकाला विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांची १८ कामे दिली आहेत. पाणी, रस्ते, सफाई, वस्ती सुधारणा, इतकेच काय, कब्रस्तानही त्यांत येते. मुंब्र्यातल्या पालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक पुरेसे आहेत का, हा प्रश्नही पालिकेचाच.

म्हणून भगिनींनो, उमेदवार दारात आला की सलाम-दुआनंतर तीनच गोष्टी विचारा: आमच्या प्रभागात नेमके काय करणार, पैसा कुठल्या तरतुदीतून आणणार आणि कोणत्या वर्षी पुरे करणार? उत्तरे त्याच जाहीरनाम्यावर तारखेसह लिहून ठेवा. पाच वर्षांनी तोच कागद पुढे करता येईल.