इंजिन बसले म्हणजे जमले का?

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला नंतरचे यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिन बसवून टाका, हा सल्ला गॅरेजमध्ये अगदी सहज दिला जातो. ऑइल गळते, टॅपेट वाजतात, थंडीत किक मारून पाय भरून येतो, पार्ट चांगल्या दर्जाचे मिळत नाहीत. मग या सगळ्या कटकटी एका झटक्यात मिटवाव्यात, हा त्यामागचा विचार. तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्या समजुतींवर हा उपाय उभा आहे, त्यातल्या बऱ्याचशा टिकत नाहीत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: इंजिन ही गाडीतून सुटी काढता येणारी वस्तू आहे आणि ते जिथे जाईल तिथे त्याचे गुण त्याच्याबरोबर जातात. प्रत्यक्षात आपण ज्याला इंजिनाचा गुण म्हणतो तो पुष्कळदा इंजिन, चेसिस, ब्रेक आणि वायरिंग यांच्या जुळणीचा असतो.

ताकदीपासूनच सुरुवात करू. नवे इंजिन म्हणजे जास्त ताकद, हे गृहीतच धरले जाते. कास्ट आयर्न बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. ३५० च्या यूसीईचेही सीसी, बोअर आणि स्ट्रोक हेच. जुन्याची ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास, यूसीईची १९.८. म्हणजे वाढ जेमतेम दोन अश्वशक्तींची, आणि नीट ट्यूनिंग नसलेल्या कार्बोरेटरमध्ये एवढी तर सहज वाया जाते. २०२० मध्ये मीटिऑरबरोबर आलेले ३४९ सीसीचे जे-सिरीज इंजिनसुद्धा २०.२ अश्वशक्तीचेच आहे. यूसीई चांगले झाले ते दुसऱ्या कारणांनी. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आले, पाच गिअर मिळाले, हायड्रॉलिक टॅपेटमुळे फटी जुळवत बसण्याचे काम गेले, ऑइल गळायच्या जागा कमी झाल्या. हे फायदे मोलाचे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते देखभालीतले फायदे आहेत. ताकद हवी म्हणून हा खर्च करणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार.

दुसरी समजूत जास्त घातक आहे: इंजिन फाउंडेशनवर बसले की काम झाले. जुन्या बुलेटची चेसिस जवळून पाहा. पुढची एकच नळी खाली उतरते आणि इंजिनाच्या केसपाशी संपते. इंजिनाखाली त्याला पेलणारी नळीच नाही. पुढचा आणि मागचा सांगाडा खालून जोडण्याचे काम इंजिनाची केस आणि तिच्या प्लेटा करतात. त्यामुळे इथे इंजिन बदलणे म्हणजे सांगाड्याचाच एक हिस्सा बदलणे. नव्या केसची भोके जुन्या प्लेटांशी जुळत नाहीत, म्हणून प्लेटा लेथवर नव्या करतात, कुठे नळीला कान वेल्ड करतात. वेल्डिंगची रेघ स्वतः सहसा तुटत नाही. तापून स्वभाव बदललेली तिच्या शेजारची धातूची पट्टी थकते. आधी रंगाला केसाएवढी चीर दिसते, मग त्या चिरेतून गंजाची तांबूस रेघ उतरते. एकसिलिंडरी इंजिनाच्या धडधडीत हे व्हायला फार काळ लागत नाही. पुढचे स्प्रॉकेट आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर चेन दातांची एकच बाजू घासत राहते आणि ती बाजू चकाकू लागते. इंजिन ‘बसवल्यावर’ तपासायची पहिली जागा हीच, पण गाडी सुरू झाल्याच्या आनंदात तिकडे क्वचितच कोणी पाहते.

आणि पायांचे काय? जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. यूसीईमध्ये नेमके उलटे. म्हणजे ब्रेकचे पेडल, त्याचा रॉड, त्याचा टेकू हे सगळे दुसऱ्या बाजूला न्यावे लागते, आणि जीव ज्याच्या भरवशावर असतो तो भाग जुगाडावर येतो. ताकद फारशी वाढत नाही, मग ब्रेकची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर असे की गाडीचा सरासरी वेग केवळ अश्वशक्तीवर ठरत नाही. जुने इंजिन सत्तरच्या पुढे हातापायांना मुंग्या आणून चालवणाऱ्याला आवरते. ती धडधड कमी झाली आणि पाचवा गिअर मिळाला की नव्वदचा वेग सवयीचा होतो. सत्तरवरून नव्वदला जाताना गाडीतली गतिज ऊर्जा सुमारे ६५ टक्क्यांनी वाढते, आणि ती जिरवायला तोच जुना ड्रम असतो. यूसीई इंजिनाच्या क्लासिकला पुढे २८० मिलिमीटरची डिस्क होती, हे विसरून चालणार नाही.

यावर जाणकार एक भक्कम आक्षेप घेतात. ब्रिटनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचे इंजिन घालून ट्रायटन बनवल्या गेल्या, आणि त्या आजही आदराने पाहिल्या जातात. मग इंजिन बदलणे मुळातच चूक कसे? ते मुळात चूक नाहीच. पण ट्रायटनमध्ये जुळणी कोणत्या दिशेने झाली ते पाहा. नॉर्टनची फेदरबेड चेसिस रेसिंगमधून आलेली, त्या काळातल्या सर्वोत्तम सांगाड्यांपैकी एक. इंजिनापेक्षा चेसिस सरस होती आणि येणारी ताकद पेलायला तिच्यात वाव होता. आपल्याकडे नेमके उलटे चालते: जुन्या, वाकलेल्या-सरळ केलेल्या सांगाड्यात नवे इंजिन. खुद्द रॉयल एन्फिल्डने जे-सिरीज इंजिन आणले तेव्हा जुनी चेसिस चालवली नाही. दोन नळ्यांची नवी चेसिस तयार केली. इंजिन ज्यांनी घडवले त्यांनाच त्यासाठी नवा सांगाडा लागला, याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

जे-सिरीज किंवा दुसरे एखादे बीएस-६ इंजिन घातले की गाडीही बीएस-६ होते, ही समजूत अलीकडची. हे इंजिन एकटे चालतच नाही. त्याला ईसीयू लागतो, ठरावीक दाबाने पेट्रोल देणारा पंप लागतो, इंजेक्टर, क्रँकचा सेन्सर, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो, आणि हे सगळे चालवायला पुरेसे चार्जिंग लागते. बीएस-६ ची परीक्षा पूर्ण गाडी रोलरवर ठरलेल्या पद्धतीने चालवून होते आणि धूर किलोमीटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था मान्यता देतात ती त्या मॉडेलला. पीयूसी पास झाली हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण ती चाचणी गाडी उभी असताना, इंजिन आयडलवर ठेवून होते.

कागदपत्रांबाबतचा घोळ सर्वांत जास्त. ‘आरटीओत इंजिन नंबर चढवून घेतला की झाले’ हे अर्धसत्य आहे. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलता येते आणि नवा नंबर आरसीवर चढतो. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पूर्वी डिझेल बुलेट रस्त्यावर होत्याच की, असे काही जण म्हणतात. पण ३२५ सीसीची, साडेसहा अश्वशक्तीची टॉरस ही कंपनीने विकलेली गाडी होती. तिच्या आरसीवर पहिल्या दिवसापासून डिझेलच होते. शिवाय विम्याच्या पॉलिसीवर इंजिन आणि चेसिस दोन्हींचे नंबर असतात, आणि अपघातानंतर सर्व्हेअर तेच आधी पडताळतो.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर थोडे थांबावे. २०२१ च्या नियमांनी अशा खाजगी दुचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दिला, पण अट मूळ रूपाची आहे, आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल झाला की ती मोडते. उरलेल्या बहुतेक तक्रारींवर उपाय जुन्या इंजिनातच आहे. ऑइल गळतीचे कारण अनेकदा तुंबलेला ब्रीदर असतो. केसमधला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो ऑइलच ढकलतो, मग कितीही पॅकिंगे बदला. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे किट बसते आणि किकचा त्रास पुष्कळ कमी होतो. रीबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, व्हॉल्व्हचे गाइड आणि कनेक्टिंग रॉडचे काम नीट मापे घेऊन केले तर हे इंजिन पुन्हा कित्येक वर्षे चालते. केसच फुटली असेल तर त्याच प्रकारचे इंजिन शोधावे. मात्र भंगारातून घेताना नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला, अथवा विकणारा ते ज्या गाडीतून निघाले तिची आरसी दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पोलिसांपुढे उत्तर द्यावे लागते ते घेणाऱ्याला.