वाऱ्यासाठी तळमजला, वायूसाठी माडी

५ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, जॅक्सन शहरातल्या युनियन विद्यापीठावर टोर्नेडो आदळला. वसतिगृहांचा चुराडा झाला. आवारात तेव्हा सुमारे १२०० विद्यार्थी होते. पन्नासेक जणांना रुग्णालयात न्यावे लागले, काही जण तासन्‌तास ढिगाऱ्याखाली अडकले. पण मेला एकही नाही. इशारा मिळताच बरीच मुले तळमजल्यावरच्या न्हाणीघरांत जाऊन बसली होती.

टोर्नेडोत घात करतात त्या मुख्यतः उडत येणाऱ्या काचा, पत्रे आणि फळ्या. त्यामुळे आपल्यात आणि बाहेरच्यात जितक्या जास्त भिंती, तितके बरे. लहान खोलीच्या जवळजवळच्या भिंती एकमेकींना सावरतात, आणि आतल्या न्हाणीघराला बहुधा खिडकी नसते. (दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, हा तिकडचा जुना समज निव्वळ चुकीचा आहे.)

वादळाऐवजी क्लोरीन आला, तर हाच तळमजला सापळा ठरतो. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो जमिनीलगत पसरतो, सखल जागी साचतो. अशा वेळी वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत जावे आणि दारे-खिडक्यांच्या फटी ओल्या कापडाने बुजवाव्यात.

बंद खोली किती साथ देते, हे तिच्या हवापालटीवर ठरते. घट्ट बंद होणाऱ्या खोलीत ताशी निम्मी हवा बदलते असे धरू. बाहेर वायूचे प्रमाण कायम राहिले, तर पंधरा मिनिटांनी आत त्याच्या जेमतेम १२ टक्के पोचेल, तासाभराने ३९ टक्के. आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांतल्या झरोके आणि सैल तावदानांच्या वर्गात मात्र हवा ताशी पाच वेळा सहज बदलू शकते. तिथे पंधरा मिनिटांतच ७१ टक्के! उकाड्यासाठी बांधलेली इमारत वायूगळतीत दगा देते. खत कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी असलेल्या चेंबूरमधल्या महाविद्यालयांनी हा हिशेब एकदा तरी मांडायला हवा.

आत गुदमरण्याची भीती वाटते, पण ती लगेचची नव्हे. माणशी दहा चौरस फूट जागा असेल तर पाच तासांपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा त्रास होऊ नये, असा अमेरिकी यंत्रणांचा ठोकताळा आहे.

मुळात ही युक्ती लवकर पुढे सरकणाऱ्या ढगासाठी आहे. ६ जानेवारी २००५ रोजी साउथ कॅरोलिनातल्या ग्रॅनिटव्हिलला मालगाडीच्या अपघातात टँकरमधून क्लोरीन सुटला आणि नऊ जण दगावले. लोकांना आधी घरातच थांबायला सांगितले होते. पुढे सुमारे ५४०० जणांना हलवावे लागले. ढग निघून गेला, तरी गणित उलटते: बाहेर स्वच्छ हवा आणि आत मुरलेला वायू. तेव्हा खिडक्या सताड उघडून बाहेर पडायचे असते. म्हणून ‘आत जा’ या इशाऱ्याइतकाच ‘आता बाहेर या’ हा इशाराही वेळेवर मिळावा लागतो.

कॉलेजात आणखी एक पेच असतो तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा. तिथले फ्यूम हूड आतली हवा जोरात बाहेर फेकतात; मग आत दाब कमी होतो आणि प्रत्येक फटीतून बाहेरची हवा खेचली जाते. विषारी ढग दाराशी असताना हे पंखे बंद करायला हवेत. पण हूडखाली एखादी घातक अभिक्रिया चालू असेल, तर पंखा बंद करताच आतलाच धूर पसरेल. त्यामुळे आधी ती अभिक्रिया थांबवायची, मग पंखा, आणि मग सर्वांनी दुसऱ्या खोलीत जायचे.