दर्शकाचा रंग नेमके काय सांगतो?

आम्ल-आम्लारी दर्शक हा बहुधा स्वतःच एक सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असलेला सेंद्रिय पदार्थ असतो. त्याच्या रेणूने हायड्रोजन आयन धरून ठेवलेला असताना जो रंग दिसतो, तो आयन सुटल्यावर राहत नाही, कारण रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलून तो प्रकाशाच्या वेगळ्या तरंगलांबी शोषू लागतो. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळताच पुन्हा पिवळा पडतो, तो हळदीतील कर्क्युमिनच्या याच गुणामुळे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल आणि अल्काने हिरवा होतो, अशी नोंद केली होती. मात्र आम्लता मोजण्याची सामू ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली.

दर्शक रंग बदलतो तो द्रावण उदासीन झाल्यावर, म्हणजे सामू ७ झाल्यावर, हा समज विद्यार्थ्यांमध्ये फार रुजलेला आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. प्रत्येक दर्शकाचा रंगबदल त्याच्या स्वतःच्या आम्लबलानुसार ठरावीक पट्ट्यात होतो. आणि एक रूप दुसऱ्याच्या सुमारे दसपट झाल्याखेरीज डोळ्याला एकच रंग स्पष्ट दिसत नसल्याने हा पट्टा साधारणपणे सामूच्या दोन एककांएवढा असतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या दरम्यान तांबड्याचे पिवळे होते. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी तयार केलेले फिनॉल्फ्थॅलिन मात्र ८.२ पर्यंत रंगहीन राहते आणि १० च्या सुमारास पूर्ण गुलाबी होते, कारण त्या पट्ट्यात त्याच्या रेणूतील लॅक्टोन वलय उघडून रंगीत आयन तयार होतो. अल्क अतितीव्र असेल, तर हायड्रॉक्साइड आयन या रेणूच्या मध्यवर्ती कार्बनला जोडला जातो आणि गुलाबी रंग हळूहळू नाहीसा होतो. पात्रात भरपूर अल्क असूनही द्रावण रंगहीन दिसते, ही गोष्ट प्रयोगवहीत ठळकपणे लिहून ठेवावी अशी आहे.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या ०.१ मोलर द्रावणांच्या अनुमापनात समतुल्य बिंदूजवळ दोन-तीन थेंबांतच सामू सुमारे ४ वरून १० वर उडी घेतो, त्यामुळे दोन्ही दर्शक जवळपास सारखेच उत्तर देतात. आम्ल ॲसेटिक असेल तर ही मुभा राहत नाही: समतुल्य बिंदू ८.७ च्या आसपास येतो, आणि मिथिल ऑरेंज मात्र एक तृतीयांश आम्लही उदासीन झालेले नसताना पिवळे होऊन बसते. निवडीचे महत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते ते सोडियम कार्बोनेटमध्ये. शंकुपात्रातील या द्रावणात फिनॉल्फ्थॅलिन टाकून ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले की कार्बोनेटचे बायकार्बोनेट होताच, ८.३ च्या सुमारास, गुलाबी रंग जातो. त्याच पात्रात मग मिथिल ऑरेंज टाकले, तर तितकेच आम्ल आणखी घातल्यावर, बायकार्बोनेटही संपल्यावर, रंग पालटतो. दोन्ही वाचने खरी असून ती वेगवेगळ्या अभिक्रियांची आहेत.

दर्शकाचे दोन-तीनच थेंब घालावयाचे, यामागेही रसायनशास्त्रच आहे, कारण स्वतः आम्ल असलेला दर्शक जास्त झाला तर तोही ब्युरेटमधील अल्क वापरू लागतो. फिनॉल्फ्थॅलिनचा अंत्यबिंदू म्हणजे पात्र हलवल्यानंतरही सुमारे अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग होय; त्यानंतर तो उडाला म्हणून आणखी अल्क घालू नये, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू खाली आणत असतो आणि त्याचा मूळ आम्लाशी काही संबंध नसतो.