राखेचा बुधवार आणि काश्मिरी गेटचा पाद्री

गेल्या बुधवारी संध्याकाळी गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमधून माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बाहेर पडत होती आणि तशीच मेट्रोत शिरत होती. ही राख येते गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारातून. येशूच्या स्वागतासाठी मिरवलेल्या झावळ्या वर्षभर घरोघरी जपून ठेवतात, मग त्या गोळा करून जाळतात. स्वतःच केलेल्या जयजयकाराची राख स्वतःच्या कपाळाला! मला या विधीतलं हेच सर्वांत खोल वाटतं.

या बुधवारपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कोण काय खाणं सोडतं, ते दरवर्षी छापून येतंच. मला ओढ आहे ती या चाळीस दिवसांमागच्या गोष्टीची. रानात उपाशी असलेल्या येशूला सैतान चोरी कर, खून कर असं एकदाही म्हणत नाही. दगडांच्या भाकरी कर, म्हणतो. भुकेल्याला भाकर मिळाली तर त्यात वाईट काय? पुढे तर तो शास्त्रवचनच म्हणून दाखवतो. मत्तयाने हे लिहून ठेवलंय, आणि तरी आपण सैतानाला शिंगं काढत बसतो. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःचीच तक्रार मांडली आहे: मनात असतं ते हातून होत नाही, नको तेच होऊन बसतं. तुकोबांच्या गाथेवर वाढलेल्यांना ही झुंज परकी नाही, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं सांगत.

दिल्लीत ही झुंज मला सर्वांत जवळून दिसते ती चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांच्या आयुष्यात. 1904 साली ते केंब्रिज मिशनचे पाद्री म्हणून आले आणि काश्मिरी गेटच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले. (ती जुनी इमारत आजही उभी आहे. तिथे आता दिल्लीचं निवडणूक कार्यालय आहे.) 1906 मध्ये प्राचार्यपद रिकामं झालं. पस्तिशीतल्या गोऱ्या पाद्र्याकडे ते सहज चालून आलं असतं, आणि ‘सेवेची संधी’ म्हणून ते घेताही आलं असतं. अँड्र्यूजनी सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला. रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. पुढे गांधीजी दिल्लीत आले की रुद्रांच्याच घरी उतरत.

दुसरी लढाई अधिक अवघड होती. जुन्या दिल्लीतले वृद्ध मुस्लिम विद्वान मुन्शी झकाउल्ला यांच्याशी अँड्र्यूज यांचा जीव जडला होता. पुढे अँड्र्यूजनी झकाउल्लांचं चरित्रही लिहिलं. आणि चर्चच्या प्रार्थनापुस्तकात सणावारी म्हणायची श्रद्धेची एक कबुली होती. ही श्रद्धा जो अखंड पाळणार नाही त्याचा कायमचा नाश होईल, असा तिचा भाव. ती म्हणायची म्हणजे झकाउल्लांना नरकात धाडायचं. न म्हणावी तर दीक्षेच्या वेळी दिलेला शब्द मोडतो. यात चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं? अँड्र्यूज यांची श्रद्धाच कच्ची होती, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते मुळीच पटत नाही. कच्च्या श्रद्धेचा माणूस ओठांनी म्हणून मोकळा झाला असता. अँड्र्यूज वर्षानुवर्षं कुढत राहिले, आणि 1914 मध्ये त्यांनी पाद्रीपणाचं काम सोडलं. ख्रिस्ताला मात्र त्यांनी कधीच सोडलं नाही. 1932 साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच ख्रिस्ताचं ऋण आहे.

दिल्ली सोडण्याआधीचा एक प्रसंग. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी मजुरांच्या लढ्यासाठी नामदार गोखले गावोगाव पैसा आणि माणसं जमवत होते. त्यांच्या शब्दावर अँड्र्यूज आपले मित्र पिअर्सन यांच्यासह बोटीत बसले. जानेवारी 1914 च्या सुरुवातीला ते डर्बनच्या धक्क्यावर उतरले. गांधीजी घ्यायला आले होते. मजुरांसारखे साधे पांढरे कपडे, मुंडण केलेलं डोकं. ते कोण हे कळताच अँड्र्यूज सगळ्यांसमोर वाकले आणि त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. एका पाद्र्याने काळ्या माणसाचे पाय धरावेत!

त्याच वर्षी दिल्लीची नोकरी, घर, मिशनची सोबत सोडून अँड्र्यूज शांतिनिकेतनात राहायला गेले.