डबीतली सुटी डिस्क

बालाघाटात ऑनलाइन मागवलेला गेम आला की आधी खोका पाहा, मग डबी हलवून बघा. आत खुळखुळ आवाज आला तर डिस्क धरून ठेवणारे मधले दाते तुटले आहेत, आणि नागपूर किंवा गोंदियाकडून येताना वाटभर ती आतल्या आत घासली गेली आहे.

प्लेस्टेशन ४ आणि ५ चे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात. जुन्या डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत जेमतेम ०.१. वर कडक लेप असल्याने बारीकसारीक ओरखडे ती सोसते. पण ओरखडा खोल गेला तर घासून-पुसून वाचवायला जागाच उरत नाही. मधल्या भोकाजवळ तडा दिसला तर डिस्क कन्सोलमध्ये घालूच नका; वेगाने फिरताना तडा वाढतो. स्विच कन्सोलच्या कार्ट्रिजला ही भीती फारशी नाही.

खोका फोडतानाचा व्हिडिओ काढावा. कायद्याला तो लागत नाही, विक्रेत्याचं तोंड मात्र त्याने बंद होतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. विक्रेता बंगळुरूचा असेना का!