हुसेनसागराहून अरबी समुद्राकडे

सिकंदराबादेस रेल्वेच्या हिशेब खात्यात रुजू झालो तेव्हा हुसेनसागर म्हणजे शहराच्या मध्यावरचे एक दुर्गंधी पाणी, एवढीच माझी समजूत होती. पुढे एका सहकाऱ्याच्या आग्रहास्तव सेलिंग क्लबात गेलो, दोघांच्या एंटरप्राइज होडीत शिडाची दोरी हाती आली, आणि कारकिर्दीचा उत्तरार्ध त्याच पाण्यावर गेला. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या अमदानीत बांधलेला हा तलाव खोल तो किती, तर फार झाले ३२ फूट. १९९२ साली मध्यावर उभी राहिलेली बुद्धमूर्ती आणि चहूकडच्या इमारती वाऱ्याला असे काही आडवे येतात की, एकाच वेळी शेजारच्या दोन होड्यांची शिडे दोन दिशांना फुगावीत. झुळूक पाण्यावर उमटताच ओळखावी, ही विद्या मात्र तेथेच लाभली.

समुद्राची ओढ लागली ती पन्नाशी उलटल्यावर. २०१० च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले, आणि त्यांची ‘म्हादेई’ गोव्यातच बांधलेली, हे वाचून अभिमान वाटला खरा. परंतु दोंदे पडले आरमारातले. मला आपला वाटला तो रॉबर्ट मॅनरी. मसुरीजवळच्या लंढौरला जन्मलेला, क्लीव्हलंडच्या एका दैनिकात मजकूर तपासणारा हा गृहस्थ ईरी सरोवरात शीड हाकता हाकता तयार झाला, आणि १९६५ साली साडेतेरा फुटी होडीतून ७८ दिवसांत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोहोचला. लाटांनी त्याला अनेकदा होडीबाहेर फेकले. वाचला तो अंगाला बांधलेल्या दोरीमुळे.

मग गच्चीवर सेक्स्टंटचा अभ्यास सुरू झाला. सूर्याचा उन्नतांश मोजावयाचा तर क्षितिज हवे, आणि आमच्या गच्चीवरून दिसत शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या. सबब स्टीलच्या परातीत गाडीचे काळे तेल ओतून त्यातले सूर्याचे प्रतिबिंब हेच क्षितिजाच्या जागी मानावे, आणि येणारा कोन निम्मा करावा, हा जुना उपाय पत्करला. यात गोम अशी की, यंत्राची मोजणी १२० अंशांच्या आसपास संपते आणि हैदराबादचा माध्यान्हीचा सूर्य वर्षातील बहुतेक काळ ६० अंशांहून उंच असतो. म्हणून दुपारचा हा उद्योग नोव्हेंबर ते जानेवारीतच साधे. कोनातील एका कलेची चूक म्हणजे नकाशावर एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. माझी गच्ची प्रथम विकाराबादेच्या पलीकडे गेली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात कुठे ती सिकंदराबादेत परतली. उपग्रह खिशात बोलत असता हा खटाटोप कशाला, असे चिरंजीवांनी विचारले. सौभाग्यवतींनी तेवढी परात कायमची माझ्या नावे केली.

भरतीओहोटी तलावाला ठाऊकच नसते. ती मी मुंबईत एका वृद्ध तांडेलाकडून शिकलो: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. छापील कोष्टक अधिक नेमके असते हे खरे, पण जन्मभर आकडेमोड केलेल्या माणसाला हा तोंडी हिशेब पाहून हेवा वाटला.

तथापि अवघड गेले ते निराळेच. तलावावर वारा चढला की काठ गाठावा, हा तेथील पहिला धडा आणि वर्षानुवर्षे हाडीमाशी खिळलेला. समुद्रावर नेमका तोच घातक. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचे खारे वारे जमिनीकडे ढकलतात, आणि खाली खोल कणा असलेली होडी त्या वाऱ्यानिशी उथळात शिरली की तिला परत फिरावयास जागा उरत नाही. मुंबईहून गोव्याच्या माझ्या पहिल्या सफरीत जयगडाच्या बाहेर वारा वाढला. दीपगृह डोळ्यांसमोर, बंदर हाकेच्या अंतरावर भासत होते, आणि आमच्या कप्तानाने शीड आवळून होडी खुल्या समुद्राकडे वळवली. रात्रभर ओकाऱ्या काढीत, कमरेची दोरी चाचपीत, मी तिच्या पाठी दूर जाणारे ते दिवे पाहत होतो. बुद्धीला पटलेली गोष्ट पोटात उतरावयास आणखी दोन हिवाळे लागले.

आता निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचा अर्ज टेबलावर आहे, आणि त्या रकमेतून होडी घ्यावयाची नाही, हे ठरले आहे. होडीची किंमत एकदा मोजावी लागते. नांगरवाड्याचे भाडे, रंग आणि शिडे यांचे देणे मात्र तहहयात. त्यापेक्षा कोचीकडे निघणाऱ्या एका होडीवर गडी म्हणून नाव नोंदवले आहे. मला मध्यरात्र ते पहाटे चारची पाळी मिळाली. ती दुसऱ्या कोणी मागितलीच नव्हती.